बॅटमनची मोटार आणि मिरकरवाड्याची होडी

दिवाळीच्या खरेदीला निघालो की आमच्या चिरंजीवांची एखादी मागणी ठरलेलीच असते. यंदा ती होती बॅटमनच्या मोटारीची. फटाके नकोत, नवे कपडे नकोत; ती काळी, पाठीला वटवाघळाचे पंख फुटलेली मोटार तेवढी हवी! दुकानदाराने किंमत सांगितली आणि मी व्याख्यान सुरू केले. मराठीच्या प्राध्यापकाजवळ पैसे नसले तरी व्याख्यान असतेच.

"अरे, मारुतीला वाहन नाही, कारण तो स्वतःच उडतो. तुमचा तो सुपरमॅनही तसाच. अंगात शक्ती असली की वाहन लागत नाही. बॅटमनजवळ तसली काही शक्ती नाही, म्हणून बिचाऱ्याला मोटार लागते."

"मग विष्णूला गरुड का लागतो?" चिरंजीवांनी विचारले.

मोटार घेणे भाग पडले.

पण घरी आल्यावर त्या मोटारीने मलाच नादी लावले. 1943 साली बॅटमनची पहिली चित्रमालिका अमेरिकेत पडद्यावर आली, तेव्हा त्याला स्वतंत्र मोटारदेखील नव्हती. एकच काळी कॅडिलॅक. छत उघडे असले की आत सुखवस्तू ब्रूस वेन, आणि छत मिटले की बॅटमन! आपल्याकडे त्याही आधी, 1935 साली, मुंबईच्या वाडिया बंधूंनी 'हंटरवाली'त नादियाच्या हाती चाबूक देऊन तिला घोड्यावर बसवले होते. पुढल्याच वर्षी 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये ती आगगाडीच्या टपावर मारामारी करीत होती. 2015 सालच्या मराठी 'बाजी'तला मुखवटेवाला नायकही घोड्यावरच. घोड्याला पेट्रोल लागत नाही, एवढे मराठी निर्मात्याच्या बाजूने सांगायला हवे.

तरी खरी बॅटमोबिल म्हणजे 1966 च्या दूरचित्रवाणी मालिकेतली. तिची जन्मकथा मौजेची आहे. फोर्डच्या लिंकन विभागाने 1955 साली 'फ्युचुरा' नावाची नमुन्याची मोटार इटलीतल्या तुरिन शहरी घिया कारखान्यात करवून घेतली. विक्रीसाठी ती कधी निघालीच नाही. पुढे जॉर्ज बॅरिस नावाच्या, मोटारींना नवे रूप देणाऱ्या कारागिराने ती नाममात्र किमतीला घेतली आणि मालिकेचे काम येताच तीन आठवड्यांत तिचे रूप पालटले. 2013 साली तिचा लिलाव झाला तेव्हा 42 लाख डॉलरची बोली लागली. पण वाचकहो, ही दिमाखदार मोटार चित्रीकरणात तापत असे! टायर फुटत. अखेर फोर्डच्याच दुसऱ्या एका गाडीचे इंजिन तिच्या पोटात बसवावे लागले. पडद्यावर मात्र ती गुहेतून सुसाट बाहेर पडते. बॉनेट उघडून वाकलेला मिस्त्री आपल्याला दिसत नाही.

त्याच 1966 साली मोठ्या पडद्यावरच्या चित्रपटासाठी बॅटमनला होडीही मिळाली. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरच्या ग्लॅस्ट्रॉन कंपनीने आपल्या नेहमीच्या फायबरच्या होडीवर पंख चढवून ती 31 दिवसांत तयार केली, आणि त्यामुळे चित्रपटाचा पहिला खेळही ऑस्टिनलाच झाला. होडी बांधणाऱ्यांच्या गावाला एवढा मान मिळाला, हे मला फार आवडले.

होडीवरून मला मिरकरवाडा आठवला. तिथला एक विद्यार्थी माझ्या वर्गात आहे. त्याच्या घरी फराळाचा डबा द्यायचाच होता. शुक्रवार होता, म्हणजे होडी धक्क्याला असणार. चिरंजीव मोटारीसह बरोबर निघाले. भगवतीचा किल्ला डोक्यावर, खाली बंदरात एकमेकींना खेटून उभ्या होड्या, आणि नाकात सुक्या मासळीचा तो वास! विद्यार्थ्याचे वडील जाळे दुरुस्त करीत बसले होते. मी त्यांना मोबाइलवर बॅटमनची होडी दाखवली. त्यांनी ती बराच वेळ निरखली.

"देखणी आहे, सर. पण जाळं कुठं ठेवायचं? बर्फ कुठं भरायचा?"

"चाचा, ती मासेमारीची नाही. तिची मोटारबहीण मात्र सारखी तापायची."

त्यावर ते एकदम गंभीर झाले. "इंजिन तापतं, ही हसायची गोष्ट नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी गेल्या वर्षीची हकिकत सांगितली. किनारा दिसेनासा झाला होता. संध्याकाळी इंजिन तापून वाफ येऊ लागली, म्हणून ते बंद केले. या इंजिनाला थंड ठेवायला समुद्राचेच पाणी आत ओढून घ्यावे लागते. ते पाणी येईना. नांगर टाकला. वारा वाढत होता, आणि नांगर धरतो की सरकतो, हे पाहत सगळे रात्रभर जागे. उजाडल्यावर मुलगा कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला, होडीखाली गेला. पाणी घ्यायच्या तोंडावर प्लास्टिकची एक पिशवी चिकटून बसली होती. दोराचे दुसरे टोक वडिलांच्या हातात होते. "दोन वेळा तो वर आला. तिसऱ्या वेळी जरा उशीर झाला," एवढेच ते म्हणाले आणि पुन्हा जाळ्याकडे वळले.

मला ते दिवस आठवले. मुलगा दोन दिवस वर्गात नव्हता आणि परतल्यावर मी त्याला सर्वांदेखत बोललो होतो. मी तेव्हा समुद्रावरची एक कविता शिकवीत होतो, आणि ती याने चुकवली, याचा मला राग आला होता. त्याने कारण सांगितले नाही. मीही विचारले नव्हते.

"तू बोलला का नाहीस?" मी आता विचारले.

तो हसला. "सर, तुम्ही तेव्हा फार रंगात आला होता."

एवढ्यात चिरंजीव दिसेनात. छातीत धस्स झाले. पाहतो तो स्वारी होडीत, इंजिनावरची फळी काढून मुलाचा धाकटा भाऊ आत वाकलेला आणि आमचे चिरंजीव त्याच्यासाठी बॅटरी धरून उभे. नवी मोटार फळीवर पडली होती. तिच्यावर तेलकट बोटांचे ठसे उमटले होते.

परतताना रिक्षात त्यांनी ती उलटी करून बराच वेळ निरखली.

"बाबा, हिला पाणी आत घ्यायची जागाच नाही," ते म्हणाले.