पत्रास कारण की… : लिहायला विषय कुठून येतो?



व्याख्यान संपलं की एक प्रश्न हमखास येतो. ‘सर, लिहावंसं फार वाटतं, पण विषयच सुचत नाही.’ आज आपण त्याच प्रश्नाकडे जरा नीट बघू. दोन साध्या वस्तू समोर ठेवू: घरातली जुनी पत्रं आणि प्रवासात काढलेले फोटो. या दोन्ही वस्तू साहित्य म्हणून जन्माला आलेल्या नाहीत. पण त्यांत काय आहे यापेक्षा काय राहून गेलंय, हे विचारायला लागलो की लिहिणं सुरू होतं. आपलं आजचं म्हणणं एवढंच आहे.

पत्रापासून सुरुवात करू. मालवण, देवगड, वेंगुर्ला या पट्ट्यातली कितीतरी घरं मुंबईच्या मनीऑर्डरवर चालली. आपल्याकडे मनीऑर्डरची सोय १८८० साली आली. फॉर्मच्या खाली एक छोटं कूपन असायचं. पैसे घेणाऱ्याने ते ठेवून घ्यायचं. त्यावर दोन-तीन ओळी मावायच्या. समजा, गिरणीतल्या मुलाने लिहिलंय, ‘रु. ५० पाठविले आहेत. पावसापूर्वी घर शाकारून घ्यावे. प्रकृतीस जपावे.’ झालं, जागा संपली.

आता उलट टपाल बघा. आईला लिहिता येत नाही. मग शाळेतले गुरुजी किंवा पोस्टमनच पत्र लिहून देणार. ओटीवर बसून आई सांगते, ‘झिला, मे म्हयन्यात येतलंस मां?’ आणि कार्डावर उतरतं, ‘मे महिन्यात येण्याचे करावे. इकडील सर्व क्षेम.’ तिच्या बोलण्यातला प्रश्न कागदावर येईपर्यंत सूचना होऊन गेला. मालवणीची प्रमाण मराठी झाली, हा एक बदल. दुसरा बदल त्याहून मोठा आहे. लिहिणारा गावातलाच आहे. त्याच्यासमोर सुनेबद्दल, दुखण्याबद्दल, वाण्याकडच्या उधारीबद्दल किती बोलायचं? आणि कार्ड तर उघडंच, वाटेत कोणीही वाचावं. म्हणजे बघा, दोघांच्या पत्रात तिसरा माणूस कायम बसलेला आहे. ‘सर्व क्षेम’ या दोन शब्दांखाली आईने काय काय झाकलं असेल, हा गोष्टीचा विषय आहे.

न आलेलं पत्रसुद्धा बोलतं, बरं का. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबले. पगारच नाही तर मनीऑर्डर कुठून येणार? एखाद्या घरात वाकवलेल्या तारेला टोचलेली कूपनं अजून असतील, तर त्यांवरच्या तारखा ओळीने लावून बघा. जिथे तारखांत खंड पडतो, तिथे घरात काय झालं असेल? चूल कशी चालली? दागिना कुठे गेला? इतिहासाच्या पुस्तकात संप सापडेल. या घरातला संप मात्र त्या तारेवरच सापडेल.

आता फोटो. मालवणच्या जेटीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एकच फोटो असतो: निळं पाणी, मागे तट, पुढे हसणारी मंडळी. आपण म्हणतो, यात लिहिण्यासारखं काय? तर हाच प्रश्न विचारा: चौकटीत कोण नाही? होडी चालवणारा नाही. आणखी एक गोष्ट नाही, ती म्हणजे पाऊस. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद असतात, म्हणून आपल्या फोटोतला समुद्र कायम निळा आणि शांत. पण किल्ल्याच्या आत काही घरं आहेत, माणसं राहतात. त्यांना मीठ-मिरचीपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यासाठी हेच पाणी ओलांडावं लागतं. आपल्याला जी सफर, ती त्यांची रोजची वाट. ‘सुंदर दृश्य’ या शब्दांच्या पुढे जायचं तर त्या वाटेने चालावं लागेल.

आम्ही तत्त्वज्ञानवाले, म्हणून एक उदाहरण आमच्या गल्लीतलं. फ्रेंच विचारवंत जाक देरिदा यांना १९७७ साली ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात एक चित्र-कार्ड दिसलं. तेराव्या शतकातलं चित्र. त्यात सॉक्रेटिस बसून लिहितोय आणि प्लेटो त्याच्या पाठीमागे उभा. गंमत अशी की सॉक्रेटिसने आयुष्यात एकही ग्रंथ लिहिला नाही. त्याचं बोलणं लिहून ठेवलं ते प्लेटोने. मग चित्रात हे उलटं का? एका साध्या कार्डावरच्या या कोड्यातून देरिदांचं अख्खं पुस्तक आकाराला आलं, ते १९८० मध्ये प्रसिद्ध झालं. आणि विचार केला तर आपल्या ओटीवरही तेच चित्र आहे. सांगणारी आई, लिहिणारे गुरुजी. मग पत्र कोणाचं?

तेव्हा घरी गेल्यावर एक पत्र आणि एक फोटो घ्या. तीन प्रश्न विचारा. हे कोणासाठी होतं? कोणाच्या हातून उतरलं? आणि काय सांगायचं राहिलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एक पानभर लिहा. मात्र एक पथ्य पाळा. पत्र दुसऱ्याचं असेल आणि माणूस हयात असेल, तर आधी विचारा. नाव-गाव बदला. दुसऱ्याचं झाकलेलं दुःख आपल्याला सुचलं म्हणून ते आपल्या मालकीचं होत नाही.

आणि हे जरा लवकर करा. गावाकडची घरं बंद पडतायत, विकली जातायत. माळा साफ करताना पितळेची भांडी बाजूला काढली जातात आणि पत्रं बंबात जातात. भांड्यांना मोड म्हणून तरी भाव येईल. पण ती तार गेली, की आईला नेमकं काय विचारायचं होतं याचा अंदाज करायलासुद्धा आपल्याकडे काही उरणार नाही.