फवारणीच्या औषधाचे गणित : टोपणाने नव्हे, मापाने

पूर्वी गावच्या दवाखान्यात कंपाउंडर मापाच्या पेल्यात औषध मोजून घेत असे, बाटलीत ठराविक खुणेपर्यंत पाणी भरत असे आणि बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून देत असे. माणसाच्या औषधात थेंबाचाही हिशेब असतो, हे आपण सर्व जाणतो. पिकाच्या औषधाबाबत मात्र 'पंपाला एक टोपण' हेच माप अनेक ठिकाणी चालते. टोपण कोणत्या बाटलीचे, पंप किती लिटरचा आणि औषध किती टक्क्यांचे, हे फारसे कोणी विचारत नाही.

या सवयीची किंमत मोठी आहे. औषध कमी पडले तर कीड मरत नाही, उलट तिची सहनशक्ती वाढते व खर्च वाया जातो. जास्त पडले तर पाने करपतात, मालात अवशेष राहतात आणि फवारणी करणाऱ्याच्या जिवाला धोका होतो. सन २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजुरांना प्राण गमवावे लागले. म्हणून फवारणीचे द्रावण तयार करताना लागणारे साधे गणित या लेखात उदाहरणांसह दिले आहे. गुणाकार व भागाकार येत असला की ते कोणालाही जमते.

टक्के : कशाचे?

एक टक्का द्रावण म्हणजे १०० लिटर द्रावणात १ किलो पदार्थ, म्हणजेच १ लिटरमध्ये १० ग्रॅम. येथपर्यंत अडचण नाही. घोटाळा होतो तो पुढे, कारण शिफारशीतील टक्के दोन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार म्हणजे पूर्ण पदार्थाचे टक्के. खते, बोर्डो मिश्रण व निंबोळी अर्क यांच्या शिफारशी या प्रकारच्या असतात. २ टक्के युरिया म्हणजे १०० लिटर पाण्यास २ किलो युरिया. १५ लिटरच्या पंपास तो ३०० ग्रॅम लागेल.

दुसरा प्रकार म्हणजे क्रियाशील घटकाचे टक्के. कीटकनाशकाच्या बाटलीतील सर्वच द्रव विष नसते. २५ टक्के प्रवाही असे लिहिलेले असेल, तर १०० भागांत २५ भाग क्रियाशील घटक आणि उरलेले ७५ भाग द्रावक व इतर पदार्थ असतात. कीटकनाशकाची शिफारस '०.०५ टक्के' अशी असते, तेव्हा ती बहुधा या क्रियाशील घटकाची असते. त्यासाठी पुढील सूत्र लक्षात ठेवावे.

औषध (मि.लि. किंवा ग्रॅम) = हवी असलेली तीव्रता (टक्के) × द्रावण (लिटर) × १००० ÷ औषधातील क्रियाशील घटक (टक्के)

प्रवाही औषधाचा १ मि.लि. व १ ग्रॅम व्यवहारात सारखाच धरला जातो.

उदाहरण १ : २५ टक्के प्रवाही कीटकनाशकाचे ०.०५ टक्के तीव्रतेचे १० लिटर द्रावण करावयाचे आहे.
०.०५ × १० × १००० ÷ २५ = २० मि.लि.

हेच औषध दुकानात ५० टक्के प्रवाही मिळाले तर भागाकार ५० ने करावा. उत्तर १० मि.लि. येते. औषधाचे नाव तेच, पण ताकद दुप्पट असल्याने मात्रा निम्मी झाली. नाव तेच म्हणून २० मि.लि. घातले तर दुप्पट विष शेतात गेले. उलट, ०.०५ टक्के म्हणजे पूर्ण औषधाचेच असे समजून २५ टक्के प्रवाही औषध १० लिटरला ५ मि.लि. घातले, तर गरजेच्या फक्त चौथा हिस्सा औषध पडले. अशा वेळी औषध बनावट असल्याची तक्रार होते, पण चूक गणितात असते.

बोर्डो मिश्रण : मापाइतकीच क्रमालाही किंमत

फ्रान्समधील बोर्डो भागात १८८२ साली मिलार्डे या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलेले हे बुरशीनाशक आजही द्राक्ष, डाळिंब, सुपारी अशा पिकांत वापरले जाते. ते घरी तयार करावे लागत असल्याने माप व कृती दोन्ही बरोबर हवीत.

१ टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १०० लिटर पाणी घ्यावे. ५० लिटर पाण्यात मोरचूद व उरलेल्या ५० लिटरमध्ये विरजवलेला चुना वेगवेगळा कालवावा. भांडी प्लास्टिकची, मातीची किंवा लाकडाची असावीत, लोखंडाची नसावीत. नंतर दोन्ही द्रावणे तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतून सतत ढवळावे. तयार मिश्रणात लोखंडी खिळा किंवा विळ्याचे पाते थोडा वेळ बुडवावे. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळे राहिले आहे असे समजून, थर येणे थांबेपर्यंत चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

२०० लिटरच्या टाकीस दोन्ही पदार्थ दोन-दोन किलो लागतील. अर्धा टक्का मिश्रणासाठी हे प्रमाण निम्मे करावे.

येथेही 'टक्के कशाचे' हा प्रश्न येतोच. मोरचुदात तांबे सुमारे २५ टक्के असते. म्हणून १ टक्का बोर्डो मिश्रणात तांबे सुमारे ०.२५ टक्के असते. ५० टक्के तांबे असलेले कॉपर ऑक्सिक्लोराइड १० लिटरला २५ ग्रॅम घेतले तर द्रावणातील तांबे ०.१२५ टक्के भरते. दोन औषधांची तुलना करताना पुडीचे वजन नव्हे, तर आतील घटक पाहावा.

पीपीएम : लहान आकडा, मोठा परिणाम

पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. पाण्याच्या हिशेबात १ पीपीएम म्हणजे १ लिटरमध्ये १ मिलिग्रॅम. १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. त्यामुळे १० पीपीएम म्हणजे ०.००१ टक्के. यातील एक शून्य गळाले की मात्रा दसपट होते.

द्राक्षबागायतदारांना जिब्रेलिक आम्लाचा म्हणजेच 'जीए'चा वापर परिचित आहे. फुलोऱ्यापूर्वी घडाचा देठ लांबविण्यासाठी १० ते १५ पीपीएम अशा अल्प तीव्रतेची फवारणी करतात. प्रमाण वाढले तर देठ जाड व ठिसूळ होतात आणि घड बिघडतो. ही चूक त्या हंगामात दुरुस्त करता येत नाही.

उदाहरण २ : ९० टक्के शुद्धतेच्या जीए पावडरपासून १० पीपीएमचे १०० लिटर द्रावण करावयाचे आहे.
१० मिलिग्रॅम × १०० लिटर = १००० मिलिग्रॅम = १ ग्रॅम शुद्ध जीए.
पावडर ९० टक्के असल्याने १ × १०० ÷ ९० = १.११ ग्रॅम पावडर.

पंधरा लिटरच्या एका पंपासाठी इतकी थोडी पावडर घरच्या काट्यावर मोजता येत नाही. त्यासाठी आधी तीव्र द्रावण म्हणजे मातृद्रावण करावे. अचूक काट्यावर तोललेली १.११ ग्रॅम पावडर थोड्या अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवावी, कारण ती पाण्यात सहज विरघळत नाही. मग पाणी घालून एकूण द्रावण बरोबर १ लिटर करावे. हे १००० पीपीएमचे मातृद्रावण झाले. यातून हवे ते द्रावण पुढील सूत्राने करता येते.

मातृद्रावण (लिटर) = हवे पीपीएम × हवे द्रावण (लिटर) ÷ मातृद्रावणाचे पीपीएम

१५ पीपीएमचे २०० लिटर हवे असेल तर १५ × २०० ÷ १००० = ३ लिटर मातृद्रावण व १९७ लिटर पाणी. १५ लिटरच्या पंपास १० पीपीएमसाठी १५० मि.लि. मातृद्रावण पुरते. मातृद्रावण ताजे वापरावे, साठवू नये.

पीपीएमचे महत्त्व विक्रीच्या वेळीही कळते. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड म्हणजे 'सीसीसी'चे अवशेष तेथील ०.०५ पीपीएम मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि निर्यातीला मोठा फटका बसला. ०.०५ पीपीएम म्हणजे एक टन द्राक्षात ५० मिलिग्रॅम, चिमूटभरही नाही. टोपणाच्या मापाने काम करणाऱ्यास ही मर्यादा पाळणे शक्य नाही.

क्षेत्रानुसार मात्रा : आधी पाणी मोजा

तणनाशके व अनेक नवी कीटकनाशके यांची मात्रा हेक्टरी दिलेली असते. ती पंपात आणण्यासाठी आपल्या शेतास किती पाणी लागते हे माहीत हवे. त्याची सोपी पद्धत अशी :

१) शेतात एक गुंठा म्हणजे ३३ × ३३ फूट जागा आखावी.
२) पंपात मोजून साधे पाणी भरावे व नेहमीच्या चालीने त्या जागेवर फवारावे.
३) उरलेले पाणी मोजून किती लिटर लागले ते काढावे.
४) त्यास ४० ने गुणल्यास एकरी पाणी मिळते. एकरी पाण्यास २.५ ने गुणल्यास हेक्टरी पाणी मिळते.

उदाहरण ३ : औषधाची मात्रा हेक्टरी ५०० मि.लि. आहे, म्हणजे एकरी २०० मि.लि. गुंठ्यास ५ लिटर पाणी लागले तर एकरी २०० लिटर. म्हणजे लिटरला १ मि.लि. व १५ लिटरच्या पंपास १५ मि.लि. औषध. दुसऱ्या शेतकऱ्याचे नोझल बारीक आहे व त्यास गुंठ्याला ३ लिटरच लागले. त्याचे एकरी पाणी १२० लिटर म्हणजे ८ पंप. त्याने पंपास २०० ÷ ८ = २५ मि.लि. घ्यावे. शेजाऱ्याचे पाहून १५ मि.लि.च घेतले तर एकरात १२० मि.लि. म्हणजे ६० टक्केच औषध पडेल.

उदाहरण ४ : ३० टक्के प्रवाही तणनाशकाचा क्रियाशील घटक हेक्टरी ०.७५ किलो सांगितला आहे.
०.७५ × १०० ÷ ३० = हेक्टरी २.५ लिटर, म्हणजे एकरी १ लिटर.

'पेट्रोलच्या पॉवर पंपास औषध तिप्पट घ्यावे' ही शिफारस अनेकांनी वाचली असेल. तिचे कारण असे की, त्या पंपास साध्या पंपाच्या सुमारे एक तृतीयांशच पाणी लागते. द्रावण तिप्पट तीव्र झाले तरी एकरी औषध तेवढेच राहते. बॅटरीच्या पाठीवरील पंपास हा नियम लावू नये, कारण त्याचे पाणी साध्या पंपाच्या जवळपास असते. तेथे तिप्पट औषध म्हणजे शेतातही तिप्पट विष. पंप बदलला की गुंठ्याची चाचणी पुन्हा करावी.

लक्षात ठेवण्याच्या बाबी

* जुन्या शिफारशी बहुधा १० लिटर पाण्यासाठी असतात. आपला पंप १५, १६ की २० लिटरचा आहे ते पाहून मात्रा काढावी. १० लिटरला २० मि.लि. म्हणजे १५ लिटरला ३० व २० लिटरला ४० मि.लि.
* प्रवाही औषधासाठी मि.लि.च्या खुणा असलेला पेला व पावडरसाठी छोटा काटा वेगळा ठेवावा. तो घरात वापरू नये.
* औषध प्रथम थोड्या पाण्यात कालवून मग एकूण द्रावण ठरलेल्या मापापर्यंत करावे. ५ टक्के निंबोळी अर्कासाठी ५ किलो निंबोळी पावडरचा रात्रभर भिजवून गाळलेला अर्क घेऊन एकूण द्रावण १०० लिटर करावे, वर आणखी १०० लिटर पाणी घालू नये.
* लेबलवर परवानगी नसल्यास दोन औषधे एकत्र करू नयेत.
* औषध मोजताना हातमोजे व तोंडावर मास्क वापरावा. प्रवाही औषध नळीने तोंडाने ओढू नये. वाऱ्याच्या दिशेस तोंड करून फवारू नये.

दुकानातून औषध घेतानाच बाटलीवरील क्रियाशील घटकाचे टक्के वहीत लिहून घ्यावेत. शेजारी आपल्या पंपाची क्षमता व एकरी लागणारे पाणी लिहून ठेवावे. हे तीन आकडे हाताशी असले म्हणजे कोणतीही शिफारस पाच मिनिटांत आपल्या पंपापुरती उतरविता येते. शेतकरी बंधू-भगिनींनी येत्या फवारणीपूर्वी एक गुंठा आखून ही चाचणी अवश्य करावी, आणि टोपण बाटली बंद करण्यापुरतेच ठेवावे.