मेथीच्या एका लॉटचा माग

७ जून हा जागतिक अन्नसुरक्षा दिन. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने भारतीय मसाल्यांच्या काही पाकिटांवर बोट ठेवले, तेव्हा आपल्याकडे त्यांत सापडलेल्या इथिलीन ऑक्साइड या रसायनावर आणि देशाच्या अब्रूवर भरपूर चर्चा झाली. असे इशारे देशोदेशी पोहोचतात कसे आणि अडतात कुठे, हा कळीचा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. तो समजून घ्यायला जर्मनीतली २०११ची साथ पाहावी.

त्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत धडधाकट माणसे रक्ताचे जुलाब होऊन रुग्णालयात येऊ लागली. अनेकांची मूत्रपिंडे निकामी झाली. ई. कोलाय जीवाणूचा एक दुर्मीळ प्रकार त्यामागे होता. सुमारे ३८०० लोक आजारी पडले, ५०हून अधिक दगावले. २६ मे रोजी हॅम्बुर्गच्या आरोग्य खात्याने स्पेनच्या काकड्यांवर ठपका ठेवला. युरोपात तातडीच्या इशाऱ्यांची ‘रॅसफ’ ही यंत्रणा १९७९पासून आहे. इशारा लगोलग सगळीकडे गेला आणि स्पेनच्या भाजीपाल्याचे गिऱ्हाईक रातोरात तुटले. रशियाने तर साऱ्या युरोपीय संघाच्या भाज्या बंद केल्या. पुढच्या तपासणीत काकडीवरचा जीवाणू वेगळाच निघाला! शेतकऱ्यांना भरपाई म्हणून युरोपीय संघाला २० कोटी युरोंहून अधिक रक्कम मोजावी लागली.

खरा गुन्हेगार सापडला तो एका आचाऱ्यामुळे. रुग्णांना ‘काय खाल्लेत?’ असे विचारले की ते टोमॅटो, काकडी, सॅलड सांगत. सजावटीला भुरभुरलेले चिमूटभर मोड कोणाच्या लक्षात राहणार? मग जर्मनीच्या रॉबर्ट कॉख आरोग्य संस्थेच्या तपासनिसांनी रुग्णांच्या आठवणीवर विसंबणे सोडले. एका उपाहारगृहात जेवून गेलेल्या गटांची बिले आणि जेवतानाचे फोटो त्यांनी गोळा केले, आणि कुठल्या पदार्थात काय काय पडते हे आचाऱ्याकडून लिहून घेतले. ज्यांच्या ताटात मोड होते, त्यांना आजाराचा धोका सुमारे १४ पट निघाला.

जूनअखेर फ्रान्समध्ये बोर्डोजवळ तोच जीवाणू आढळला. तिथले मोड तिथेच काढलेले होते, मग दुवा कुठला? दोन्हीकडची खरेदीबिले मागे मागे लावत नेल्यावर कागद एकाच ठिकाणी येऊन थांबले : २००९मध्ये इजिप्तहून आलेली १५ टन मेथी. आपल्याकडे मोड आलेले धान्य बहुधा उसळीत शिजते आणि त्या उष्णतेत जीवाणू मरतो. तिथे ते कच्चेच खाल्ले जात होते. इजिप्तने आरोप फेटाळला. बियाण्यावर तो जीवाणू अखेरपर्यंत सापडला नाही. लॉटचा माग लागला तो बिलांच्या आणि मालाच्या नोंदींच्या जोरावर.

उलट टोकाचे उदाहरण चीनचे. २००८मध्ये सानलू कंपनीच्या दूध पावडरीत मेलामाइन हे रसायन असल्याचे तिच्या न्यूझीलंडच्या भागीदार कंपनीला २ ऑगस्टलाच कळले होते. स्थानिक अधिकाऱ्यांनाही खबर होती. पण बीजिंग ऑलिंपिक तोंडावर होते आणि बातमी दडून राहिली. न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी थेट बीजिंगला कळवायला लावल्यावर सप्टेंबरमध्ये हे प्रकरण फुटले. सहा बाळे गेली, सुमारे तीन लाख आजारी पडली. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांचे ‘इन्फोसान’ हे जाळे २००४पासून होते. पण असे जाळे सदस्य देशांनी आपणहून दिलेल्या माहितीवर चालते. माहिती दडवणाऱ्या देशावर कारवाई करण्याचा अधिकार त्याला नाही.

म्हणून माझे ठाम मत आहे : परदेशातून आलेला इशारा हा अपमान मानणे आधी सोडले पाहिजे. तो आपल्या ग्राहकासाठीही असतो. माल परत मागवण्याचे नियम आपल्याकडे २०१७पासून आहेत, पण किराणा दुकानात मेथी, तीळ, मिरची पोत्यातून डब्यात ओतली की लॉटची ओळखच पुसते. मग परत मागवणार काय आणि कुणाकडून? सुट्या मालाच्या पोत्यावर लॉट क्रमांक आणि दुकानदाराकडे त्याचे खरेदीबिल असलेच पाहिजे. आणि ज्या दिवशी परदेशातले सरकार आपल्या मालाबद्दल इशारा देते, त्याच दिवशी बॅच क्रमांकासह ती सूचना इथल्या गिऱ्हाइकाला मराठीत मिळाली पाहिजे. सिंगापूरच्या गृहिणीला जे कळते, ते सांगलीच्या गृहिणीला कळू नये, याचे समर्थन कुठलाही अधिकारी करू शकणार नाही.