डबल असंल तं दे

साखरखेर्ड्याच्या आमच्या घरात, देवघराशेजारच्या कोनाड्यात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. झाकण एका बाजूने चेपलंय, म्हणून उघडताना आधी डावा कोपरा उचलावा लागतो. तळाशी काडेपेट्यांचे छाप. त्यांच्यावर बबलगमबरोबर मिळालेली क्रिकेटपटूंची चित्रं. मग रबर लावून बांधलेले ट्रम्प कार्डांचे दोन गठ्ठे. त्यातलं एक रबर इतक्या उन्हाळ्यांत वितळून पहिल्या कार्डाला कायमचं चिकटलंय. आणि सगळ्यात वर, गेल्या दोन वर्षांत घरातल्या पोरांनी स्वतः काढलेली कार्डं. दर दिवाळीला साफसफाईत हा डबा बाहेर निघतो आणि साफसफाई तिथेच थांबते.

यंदाही थांबली. मांडी घालून बसलो तेव्हा वाटलं, या नादाचा एकदा नीट आढावा घ्यावा. तो कुठून आला, आपल्याकडे कसा रुजला, आणि डब्यातला सगळ्यात वरचा थर मला सगळ्यात मोलाचा का वाटतो, हे सांगावं.

सुरुवात तंबाखूपासून आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटी मऊ कागदाच्या पाकिटात मिळत. खिशात त्या मोडू नयेत म्हणून आत जाड पुठ्ठ्याचा तुकडा सरकवलेला असे. तुकडा द्यायचाच आहे तर त्यावर चित्र का नको, असा विचार कंपन्यांनी केला. नट्या, सैनिक, पक्षी आणि खेळाडू त्या तुकड्यावर आले. इंग्लंडच्या विल्स कंपनीने 1896 मध्ये क्रिकेटपटूंचा संच काढला. त्याच वर्षी रणजितसिंहजी इंग्लंडकडून पहिली कसोटी खेळले आणि दुसऱ्या डावात नाबाद 154 धावा करून गेले. पुढे सिगारेटच्या कार्डांवर त्यांचा चेहरा इंग्लंडात घरोघर पोचला. बापाने सिगारेट ओढायची आणि कार्ड पोराने घ्यायचं, हा तिथला रिवाज दुसऱ्या महायुद्धातल्या कागदटंचाईपर्यंत चालला.

अमेरिकेत हीच गोष्ट बेसबॉलच्या अंगाने वाढली. 1909 ते 1911 या काळातल्या एका तंबाखूच्या संचात होनस वॅग्नर या खेळाडूचं कार्ड लवकरच छापणं बंद झालं. मुलांनी कार्डासाठी तंबाखू घ्यावा हे त्याला पटलं नाही असं काही जण सांगतात, मोबदल्यावरून बिनसलं असं दुसरे. फार थोडी कार्डं बाहेर गेली आणि त्यातलं एक 2022 मध्ये 72 लाख 50 हजार डॉलरला विकलं गेलं. पुढे तंबाखूची जागा बबलगमने घेतली. टॉप्स कंपनीतल्या साय बर्गरने एका सहकाऱ्याबरोबर घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कात्री-पुठ्ठा घेऊन 1952 चा संच रचला: पुढे रंगीत चित्र, नाव, सही, मागे आकडे आणि थोडकी माहिती. आजही कार्डाचा घाट तोच आहे. त्या संचातली उरलेली कार्डं कुणी घेईना, तेव्हा 1960 मध्ये ती नावेतून नेऊन समुद्रात ओतली. त्याच संचातलं मिकी मँटलचं एक कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं.

या आकड्यांनी डोळे दिपतात, पण माझं मन त्यांच्यावर बसत नाही. बसतं ते जेफरसन बर्डिकवर. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज गावी विजेच्या सामानाच्या कारखान्यात काम करणारा हा साधा, एकटा माणूस. संधिवाताने बोटं आखडत चाललेली. कार्डांची पहिली मोठी सूची त्याने तयार केली आणि 1947 पासून आपला सगळा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला द्यायला घेतला: तीन लाखांवर छापील वस्तू, त्यात तीस हजारांवर बेसबॉल कार्डं. नुसत्या पेट्या पाठवून तो मोकळा झाला नाही. संग्रहालयात जाऊन, एका टेबलाशी बसून, दुखत्या हातांनी एकेक कार्ड अल्बमांत लावत राहिला. त्याला पंधराएक वर्षं लागली. 1963 च्या जानेवारीत काम संपलं आणि दोन महिन्यांत तो वारला. स्वतः तो कधी बेसबॉलचा सामना पाहायला गेला नव्हता, असं सांगतात. पुण्याच्या दिनकर केळकरांनी मुलाच्या नावाने उभं केलेलं राजा केळकर संग्रहालय ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना हा माणूस लगेच ओळखीचा वाटेल. अडकित्ता, दिवा, कार्ड, वस्तू कुठलीही असो, ती हातात धरून निरखणारा माणूस एकाच जातकुळीचा असतो.

आता आपल्याकडे या. आमच्या लहानपणी साखरखेर्ड्याची ओळख प्रल्हाद महाराजांच्या संस्थानाची, पलसिद्ध मठाची, आणि शाळेत मास्तरांनी सांगितलेल्या 1724 च्या लढाईची. निजामाने मुबारिजखानाला इथेच हरवलं. खेळाच्या नकाशावर मात्र गावाचं नाव नव्हतं. खेळाडू आमच्यापर्यंत यायचे ते कागदावरून. आधी काडेपेट्यांचे छाप. वाघ, घोडा, जहाज, कमळ. पेटी ओलसर करून छाप अख्खा सोडवायचा आणि पाटीखाली दाबून वाळवायचा. मग ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात बिग फन बबलगम आलं आणि त्याबरोबर क्रिकेटपटूंची छोटी चित्रं. चित्रामागे धावा किंवा विकेट छापलेल्या असत. ठरावीक धावा-विकेट जमल्या की छोटी पुस्तिका मिळे. तिच्या कडा अंगठ्याने भरभर सोडल्या की फलंदाज हलायचा, बॅट वर जायची, फटका बसायचा. टीव्ही गावात मोजक्या घरी होता. हा टीव्ही आमच्या खिशात होता.

त्या दिवसांचा मंत्र म्हणजे या लेखाचं नाव. “डबल असंल तं दे.” शाळेच्या भिंतीकडेला उकिडवं बसून गठ्ठे समोर धरायचे. “कपिल माह्यापाशी दोन हायेत. एक घे आन् मले गावसकर दे.” “गावसकरले दोन कपिल लागतीन.” भाव कुणी छापलेला नव्हता, तो आमचा आम्ही ठरवत होतो आणि तो रोज बदलायचा. 31 ऑक्टोबर 1987 ला नागपुरात चेतन शर्माने न्यूझीलंडचे तीन फलंदाज लागोपाठ तीन चेंडूंवर त्रिफळाचीत केले. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. त्याच दिवशी अंगात ताप असताना गावसकरांनी 88 चेंडूंत नाबाद 103 धावा केल्या. एकदिवसीय सामन्यांतलं त्यांचं ते एकमेव शतक. दोन्ही गोष्टी आपल्या विदर्भात घडल्या. दुसऱ्या दिवशी भिंतीकडेला चेतन शर्माचं चित्र द्यायला कुणी तयार नव्हतं. बाजार म्हणजे काय, हे मला पुस्तकातून नंतर कळलं.

नव्वदच्या दशकात ट्रम्प कार्डं आली. त्यात अदलाबदलीपेक्षा जिंकणं-हरणं जास्त. क्रिकेटच्या गठ्ठ्यात सामने, धावा, सरासरी. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या गठ्ठ्यात उंची, वजन, छाती. योकोझुना हातात असला की वजनावर बोली लावायची. सरासरी म्हणजे काय हे आमच्यातल्या निम्म्या पोरांना गणिताच्या तासाआधी त्या कार्डांनी शिकवलं. आयपीएल आल्यावर टॉप्सची क्रिकेट अटॅक्स शहरांतल्या दुकानांत दिसू लागली. चकाकती, अल्बममध्ये लावायची. ती मी फारशी जमवली नाहीत. पाकीट फाडेपर्यंत आत कोण हे कळत नाही, आणि हवा तो खेळाडू निघेपर्यंत पाकिटं घेत राहावी लागतात. जोडीला कुणी नसेल तर त्यात मजा थोडी आणि खर्च फार.

याच काळात खरा संग्रह वह्यांमधून होत होता. संदीप पाटील संपादक असलेलं ‘एकच षटकार’, इंग्रजी ‘स्पोर्टस्टार’, रोजची वर्तमानपत्रं. चित्र कापायचं, भाताच्या शिताने किंवा खळीने वहीत चिकटवायचं, खाली आपल्या अक्षरात धावफलक लिहायचा. अशा वह्या महाराष्ट्रातल्या किती घरांत असतील! माझी एक वही ट्रंकेत कडुलिंबाच्या पाल्यात जपून ठेवली होती. एका पावसाळ्यात पत्रे गळले आणि तिचा लगदा झाला. आजही ती आठवली की गलबलून येतं. तिच्यातलं एकेक पान कुणाबरोबर बसून चिकटवलं ते मला ठाऊक होतं.

ती वही हेच माझ्या मते आपलं घरगुती कार्ड. आणि इथून मी आपल्या मातीतल्या कार्डकलेकडे येतो, कारण ती आपल्याकडे मुळात होतीच. सावंतवाडीचा गंजिफा पाहा. चिंचोक्याच्या खळीने थरावर थर देऊन गोल चकत्या करायच्या, त्यावर रंग, त्यावर लाखेची झिलई. दशावतारी गंजिफात 120 पानं. दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात बारा: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. मोजणीची पानंही नुसती ठिपक्यांची नाहीत. कूर्माच्या पानावर कासवं, परशुरामाच्या पानावर परशू. पाच कासवांचं पान पाच वेगळ्या कासवांचं असतं, कारण हात माणसाचा आहे. ही कला विझायला आली होती. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवींनी उरलेल्या जुन्या कारागिराकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यात पुन्हा बसती केली; त्यांच्यामुळे आज तिथे चित्रकार पान रंगवताना बघता येतो. पुढे तिला भौगोलिक मानांकनही मिळालं.

कार्ड हाताने करायचं हे वळण जगात अलीकडे आलं. 1997 मध्ये स्वित्झर्लंडच्या वांची स्टिर्नेमान या चित्रकाराने झुरिकमध्ये हाताने केलेली छोटी कार्डं मांडली आणि लोकांना सांगितलं, तुम्हीही करून आणा, बदलून घ्या. आकार अडीच इंच बाय साडेतीन इंच. विकायचं नाही, बदलायचं. 2020 मध्ये टॉप्सनेही वीस चित्रकारांना जुनी गाजलेली कार्डं आपापल्या पद्धतीने पुन्हा रचायला दिली. आता जगभर हौशी मंडळी आवडत्या खेळाडूची कार्डं स्वतः रंगवतात.

अडीच बाय साडेतीन इंच म्हणजे आपला खेळायचा पत्ता. आमच्या घरात पोरांना हे कुणी शिकवलं नाही. एका उन्हाळ्यात चौकटची सत्ती हरवली आणि उरलेला कॅट बिनकामाचा झाला. माझ्या सहावीतल्या पुतणीने त्यातला एक पत्ता घेतला, बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत पाठ जराशी खरखरीत केली, म्हणजे रंग धरतो. पांढऱ्या पोस्टर कलरचे दोन हात दिले. वाळल्यावर पेन्सिलीने धनुष्य काढलं. धनुष्य कशाला? तर तिला प्रथमेश जावकर काढायचा होता. आमच्या बुलढाण्याचा. 2023 च्या मे महिन्यात शांघायच्या विश्वचषकात त्याने नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला 149-148 असं एका गुणाने हरवून सुवर्ण जिंकलं, आणि ऑक्टोबरमध्ये हांगझोच्या आशियाई खेळांत अभिषेक वर्मा आणि नागपूरच्या ओजस देवतळेबरोबर दक्षिण कोरियाविरुद्ध 235-230 असं सांघिक सुवर्ण. त्याचं कार्ड मी कुठल्याही दुकानात पाहिलेलं नाही.

माझं म्हणणं इथेच आहे. छापील कार्ड बाजार ज्याला निवडतो त्याचं निघतं. हाताचं कार्ड आपण ज्याला निवडतो त्याचं. पुतणीच्या कार्डात कंपाउंड धनुष्याच्या दोन्ही टोकांच्या कप्प्या आहेत, दोरी आहे, स्टॅबिलायझरचा लांब दांडा आहे. तो दांडा कशासाठी असतो हे तिला कागदावर काढायची वेळ आली तेव्हाच विचारावंसं वाटलं. मागे तिने दोन्ही निकाल लिहिलेत आणि खाली ‘जिल्हा बुलढाणा’.

तेव्हापासून कॅट संपत आलाय. पुतण्याने नागपूरच्या दिव्या देशमुखचं कार्ड केलं: 2025 च्या जुलैमध्ये कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि त्यातूनच ग्रँडमास्टर झाली, पार्श्वभूमीला चौसष्ट घरं, प्रत्येक घर पट्टीने आखलेलं. हर्ष दुबेचं झालं, रणजीच्या एका हंगामात 69 बळींचा विक्रम, विदर्भ तिसऱ्यांदा विजेता. मग मीही बसलो. खाशाबा जाधव, 1952, हेलसिंकी, कुस्तीत कांस्य. पालवणकर बाळू, 1911 चा इंग्लंड दौरा, 114 बळी. आणि कर्नल सी. के. नायडू, जन्म नागपूर, 31 ऑक्टोबर 1895. भारताच्या पहिल्या कसोटीचा कर्णधार. मागची बाजू लिहिताना तारखेवर हात थांबला: चेतन शर्माच्या हॅटट्रिकचीच ती तारीख. इतकी वर्षं दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. शेजारी शेजारी मात्र त्या कार्डामुळे बसल्या.

जपणुकीचं थोडं. परदेशात कार्डाला एक ते दहा गुण देणाऱ्या संस्था आहेत. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध आहे का, हे चार मुद्दे बघतात. आपल्याकडे पहिला शत्रू ऊन, दुसरा ओल, तिसरी कसर. स्वस्त प्लॅस्टिकची पाकिटं मे महिन्यात कार्डाला चिकटतात आणि रंग ओढून घेतात. बटर पेपर बरा. रबर कधीच लावू नये, का ते वर सांगितलंच. कोपरे गोल करायला रुपयाचं नाणं ठेवून पेन्सिल फिरवावी आणि मग कातरावं.

परवा शेजारचा मुलगा आला. डबा उघडाच होता. त्याने सगळी कार्डं जमिनीवर मांडली, प्रथमेश उचलला, बराच वेळ पाहिला.

“डबल असंल तं दे.”

“डबल कुठून आणू? हातानं काढलंय.” मग जरा थांबून पुतणी म्हणाली, “काढून देते. तू मले काय देशीन?”

त्याच्याकडे काहीच नव्हतं. तिने कॅटमधून दोन पत्ते ओढले, एक त्याच्यासमोर ठेवला आणि पॉलिश पेपरचा तुकडा फाडून अर्धा त्याला दिला.