दिव्याचा स्टँड: उंचीआधी पाया पाहावा

चाळीसगावच्या रेल्वे स्थानकाजवळील एका जुन्या बंगल्यात कलामहर्षी केकी मूस यांनी आपल्या आयुष्याचा फार मोठा काळ कलासाधनेत व्यतीत केला. २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत जन्मलेले आणि ३१ डिसेंबर १९८९ रोजी चाळीसगावीच निधन पावलेले मूस चित्रकार व शिल्पकारही होते. परंतु त्यांची कीर्ती दूरवर पोहोचली ती ‘टेबल-टॉप’ छायाचित्रणामुळे. टेबलावर लहान लहान वस्तूंची मांडणी करावी आणि चित्रात मात्र विस्तीर्ण देखाव्याचा भास व्हावा, अशी ही कला आहे. अशा चित्रात सूर्याचे काम दिव्याला करावे लागते. दिवा बोटभर सरकला तरी सावली सरकते आणि सारा देखावा खोटा वाटू लागतो. मूस यांचे निवासस्थान आज संग्रहालयाच्या रूपाने जतन केलेले असून, खानदेशातील शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह ते एकदा तरी पाहावे असे आहे.

दिवा जागच्या जागी स्थिर राहणे ही गरज आता केवळ कलावंतापुरती राहिलेली नाही. शाळांतून पाठांचे चित्रीकरण होते, ग्रामसभेच्या कामकाजाचे ध्वनिचित्रमुद्रण होते, जुन्या दप्तरांची छायाचित्रे घेऊन ती जपून ठेवली जातात. धुळे शहरात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर या दोन संस्थांनी जुनी कागदपत्रे व हस्तलिखिते सांभाळली आहेत. अशी कागदपत्रे गावोगावच्या वाड्यांतून आणि शाळांच्या कपाटांतूनही आढळतात. त्यांचे छायाचित्र घेताना कागदाच्या डाव्या-उजव्या बाजूंना, सारख्या अंतरावर आणि सुमारे ४५ अंशांच्या कोनात दोन दिवे ठेवावे लागतात. त्यांतील एखादा दिवा स्टँडसह कलंडला तर शंभर-दीडशे वर्षे टिकलेला कागद क्षणात फाटतो. वर्गात तो कलंडला तर खाली बसलेल्या मुलाच्या डोक्यावर येतो. म्हणून कॅमेऱ्याच्या खरेदीत जेवढी चौकशी केली जाते, तेवढीच या साध्या लोखंडी वस्तूच्या खरेदीतही व्हावयास हवी.

प्रत्यक्षात मागणीपत्रात बहुधा एवढेच लिहिलेले असते: ‘लाईट स्टँड, ७ फूट, नग २’. या वर्णनात हजार रुपयांच्या आत मिळणारा वेताच्या काठीसारखा स्टँडही बसतो आणि त्याच्या कित्येक पट किमतीचा भक्कम स्टँडही बसतो. दरपत्रकांत अर्थातच पहिला निवडला जातो. यात विक्रेत्याचा दोष नाही. जे मागितले तेच त्याने दिले आहे. दोष मोजमापाच्या निवडीत आहे. उंची हे स्टँडच्या सोयीचे माप आहे, मजबुतीचे नव्हे.

मजबुतीचे माप पायाशी असते आणि ते थोड्या हिशेबाने समजून घेण्यासारखे आहे. स्टँडला तीन पाय असतात व ते एकमेकांपासून सारख्या कोनात उघडतात. मधल्या दांड्यापासून पायाच्या टोकापर्यंत ५० सेंटिमीटर अंतर आहे असे धरू. पाहणाऱ्यास वाटते की, स्टँडला चहूबाजूंनी ५० सेंटिमीटरचा आधार आहे. परंतु स्टँड पायाच्या दिशेने सहसा पडत नाही. तो दोन पायांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडतो. शेजारच्या दोन पायांची टोके जोडणारी रेषा दांड्यापासून फक्त २५ सेंटिमीटरवर असते. म्हणजे दिसणाऱ्या आधाराच्या निम्माच आधार खरा.

आता दिव्याला एक मीटर व्यासाची छत्री लावून तो दोन मीटर उंचीवर नेला आणि ताशी १८ किलोमीटर वेगाने वारा आला, असे समजू. खानदेशात हा काही वादळी वारा नव्हे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरात पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. एवढ्या वाऱ्याचा छत्रीवर सुमारे दीड किलो वजनाइतका रेटा पडतो. दीड किलो गुणिले २०० सेंटिमीटर म्हणजे ३००, हा पाडणारा जोर झाला. दिवा, छत्री आणि स्टँड मिळून वजन चार किलो असेल, तर चार गुणिले २५ म्हणजे १००, हा सावरणारा जोर. तीनशेपुढे शंभराचा निभाव लागत नाही. दांड्याच्या बुडाशी आठ किलोचे ओझे अडकविले तर एकूण वजन बारा किलो होऊन दोन्ही बाजू कशाबशा समान होतात. तेव्हा उघड्या मैदानात छत्री लावणे शक्यतो टाळावे, हेच बरे. लावावीच लागली तर दिवा खाली घ्यावा. १२० सेंटिमीटरवर आणल्यास पाडणारा जोर ३०० वरून १८० वर येतो आणि तेच आठ किलोचे ओझे मग पुरेसे ठरते.

रावेर-यावल भागातील केळी बागायतदारास हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. घडाचा भार वर, खोड नाजूक आणि त्यात उन्हाळ्याच्या अखेरीचा वारा. बाग आडवी का होते, हे तो जाणतो आणि म्हणूनच वेळेवर टेकू देतो.

पूर्वीचे हॅलोजन दिवे जड व तापणारे असल्याने स्टँडही जड घेतला जाई. आताचे एलईडी दिवे हलके झाले आणि त्यांच्याबरोबर स्टँडही हलके झाले. प्रकाश मऊ करणारी छत्री किंवा कापडी पेटी मात्र पूर्वीइतकीच मोठी राहिली. वारा दिव्याचे वजन पाहत नाही, कापडाचे क्षेत्रफळ पाहतो. ‘आमचा दिवा किलोभराचाच आहे, त्याला जड स्टँड कशाला?’ हा प्रश्न कार्यालयांतून हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर या कापडात आहे.

स्टँड विकत घेताना तो दुकानात पूर्ण उंच करून पाहावा. बंद स्थितीत सर्वच स्टँड भक्कम वाटतात. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांपैकी सर्वांत वरची नळी सर्वांत बारीक असते आणि डोलणे तेथूनच सुरू होते. म्हणून त्याच उंचीसाठी चार नळ्यांपेक्षा तीन नळ्यांचा स्टँड चांगला. नळ्या जेथे आवळल्या जातात ती पकड धातूची असावी. प्लॅस्टिकची पकड खानदेशच्या उन्हाळ्यात आणि रोजच्या हाताळणीत लवकर चिरते, असा माझा समज आहे. वरचे टोक १६ मिलिमीटर जाडीचे असावे, कारण बहुतेक व्यावसायिक दिव्यांची खोबण त्याच मापाची असते. पकड सैल होताच दिवा धाडकन खाली येऊ नये, यासाठी काही स्टँडच्या नळीत हवेचा दाब धरून ठेवण्याची सोय केलेली असते. थोडे अधिक पैसे पडले तरी ही सोय घ्यावी. शाळेत स्टँड हाताळणारी बोटे बहुधा मुलांचीच असतात.

जेथे स्टँड एकाच खोलीत कायम राहावयाचा आहे, तेथे तो विकत घेण्याची गरजच नाही. गावातील वेल्डिंगचे काम करणारा कारागीर चौकोनी लोखंडी नळीचे लांब पाय, जाड पाइपचा दांडा आणि वर १६ मिलिमीटरच्या गुळगुळीत गोल सळईचे टोक बसवून चांगला स्टँड करून देतो. सळई खोबणीत घट्ट गेली तर किंचित घासून घ्यावी. असा स्टँड दुमडत नाही आणि उचलताना जड जातो, पण बंद खोलीत हा जडपणाच उपयोगी पडतो. ध्वनिक्षेपकाचा जाड नळीचा स्टँड शाळेत आधीच असेल तर वरचे टोक तेवढे बदलून तोही वापरता येतो. माइकच्या बारीक स्टँडवर मात्र छत्रीचा दिवा चढवू नये.

ओझ्यासाठी वाळूची पिशवी सर्वोत्तम. जुन्या ताडपत्रीची दुहेरी शिवलेली पिशवी चालते. वाळू मिळत नसेल तर पाच लिटरचा पाण्याने भरलेला कॅन म्हणजे पाच किलोचे वजन. फक्त झाकण घट्ट असावे आणि वायरच्या जोडापासून तो दूर ठेवावा. स्टँडचा एक पाय ज्या बाजूला पडण्याचा धोका आहे, त्या बाजूला वळवावा. दिवा आडव्या दांड्यावर पुढे काढला असेल तर एक पाय बरोबर त्याच्याखाली यावा. उंची वाढविताना जाड नळी आधी उघडावी, बारीक शेवटी. वायर वरून लोंबकळत न ठेवता पायाशी एक वेढा देऊन बांधावी. कोणाचा पाय अडकला तरी ओढ वरच्या टोकाला न बसता बुडाला बसते.

मागणीपत्रात यापुढे उंचीबरोबर पुढील बाबी लिहाव्यात: पाय पूर्ण उघडल्यावर दांड्यापासून टोकापर्यंतचे अंतर, नळ्यांची संख्या, सर्वांत बारीक नळीची जाडी, पकडीचा धातू, वरच्या टोकाचे माप आणि स्टँडचे स्वतःचे वजन. प्रत्येक स्टँडमागे आठ किलोची एक पिशवी त्याच मागणीत धरावी आणि जडसंग्रह नोंदवहीत तिची नोंद स्टँडच्याच ओळीत करावी. वेगळ्या ओळीत लिहिलेली पिशवी वेगळ्या कपाटात जाते आणि कार्यक्रमाच्या दिवशी सापडत नाही.