पाणी पाजलेल्या पोलादाला भोक पाडताना



खोडव्याच्या बगला फोडण्यासाठी आम्ही ट्रॉलीच्या मोडक्या पाट्याचा फाळ करायला घेतला. मागे नटाला जागा नव्हती, म्हणून पाट्यातच आटे पाडू म्हटलं. विजेचं ड्रिल लावलं, अंगचा जोर लावला. पाट्यावर नुसता चकचकीत ठिपका उमटला आणि बिटची धार जळाली. दुसऱ्या बिटने कसंबसं भोक पडलं, तर टॅप आत कटकन मोडला. उडालेली कपची भुवईला लागली. बोटभर खाली लागती तर डोळा गेला असता. म्हणून हे चार शब्द.

पाट्याला तयार होतानाच पाणी पाजलेलं असतं. आधी कानस फिरवून पाहावी. कानस न धरता घसरली, तर तिथे साधं बिट चालायचं नाही. अशा वेळी जोर करू नये, पोलाद मऊ करून घ्यावं.

लोहाराच्या भट्टीत तो भाग लालभडक होऊ द्यावा. लोहचुंबक चिकटेनासं झालं की सुमारे ७७० अंशांच्या वर उष्णता गेली असं समजावं. मग थोडं आणखी तापवून कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत खोल पुरावं आणि रात्रभर तसंच ठेवावं. घाईने पाणी मारलं की सगळी मेहनत फुकट!

सकाळी व्हाइसमध्ये घट्ट आवळून पंचाने खूण करावी. १० मिलिमीटरच्या साध्या आट्यांच्या बोल्टला ८.५ चं भोक लागतं, १२ च्या बोल्टला १०.२ चं. बिट हळू फिरवावं, दाब सारखा ठेवावा, तेल सोडत राहावं. टॅप सरळ धरून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा चालवावा, म्हणजे कीस तुटून पडतो. अडला तर रेटू नये. डोळ्याला चष्मा हवाच. धोतराचा सोगा, उपरणं आवरून घ्यावं आणि फिरत्या बिटजवळ हातमोजे घालू नयेत.

काम झाल्यावर फाळाची धार तेवढी जाणत्या लोहाराकडून पुन्हा पाजून घ्यावी. पाट्याचं पोलाद तेलात विझवावं, पाण्यात ते तडकण्याची भीती असते. भोकाकडची बाजू मऊच राहू द्यावी.

आता महत्त्वाचं. ट्रॉलीचा जोडपिन, आस आणि चालू गाडीचे पाटे यांना हे करू नका. तापवलं की त्यांची ताकद जाते, भोकाशी तडा धरतो. उसाने भरलेली ट्रॉली चढावर सुटली, तर मागून येणाऱ्या बैलगाडीवाल्याने काय करायचं? तिथे नवाच भाग बसवा. फाळ मोडला तर दिवस मोडतो, पिन मोडला तर घर मोडतं.