ताईत असू द्या, पण पाय दवाखान्याकडे वळू द्या

भाताच्या लावणीपासून कापणीपर्यंतचे दिवस सापांच्या वावराचे. कर्जत-खालापुरातल्या कुठल्याही वाडीत जा, पोराच्या कमरेला काळा करगोटा, गालाला तीट, दंडाला ताईत, दाराला लिंबू-मिरची दिसणारच. पण यात आपणच तेवढे मागासलेले, असे समजू नका. तुर्कस्तानात निळ्या डोळ्याचा मणी बांधतात, इटलीत पोवळ्याचे शिंग गळ्यात घालतात, जपानी माणूस देवळातून कापडी ताईत आणतो. लेकराला काही होऊ नये, ही काळजी सगळीकडे सारखीच.

पण साप चावला की गोष्ट वेगळी. 'भगताने दोरा बांधला नि माणूस उठून बसला' असे आपण ऐकतो. तेही खोटे नसते. बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी साप दर वेळी विष सोडतोच असे नाही. म्हणजे माणूस बरा होणारच होता, नाव झाले दोऱ्याचे! नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचे विष अंगात गेले, तर तिथे दोऱ्याचे काही चालत नाही. मण्यार तर रात्री झोपेत चावते. दुखत नाही, सूजही नसते. मग पापण्या जड होतात, श्वास अडतो. या चौघांवर एकच औषध, सर्पविषाची लस. विंचवाचेही तेच. आपल्याच रायगडातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनच्या गोळीने विंचूदंशाचे रोगी वाचवून दाखवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा साप चावला तर माणसाला निजवा, धीर द्या, चावलेला हात-पाय हलू देऊ नका. आवळून बांधू नका, ब्लेड मारू नका. अंगठी, जोडवी काढा. त्याच हातावरचा घट्ट ताईतही काढा, सूज आली की तो रुततो. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने सरकारी रुग्णालय गाठा.

सरपंच आणि पोलीस पाटलांनीही ध्यानात ठेवावे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने ताईत घालणे गुन्हा ठरत नाही. पण साप, विंचू वा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणे गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि ५ ते ५० हजार रुपये दंड. पण नुसता धाक घालू नका. भगतालाच पावसाआधी ग्रामसभेत बोलवा. 'आधी दवाखाना, मग माझ्याकडे' असे तो स्वतः म्हणाला, तर वाडी त्याचे नक्की ऐकेल.